जपानमध्ये शिकायला जाताना: अर्जापासून पहिल्या नोकरीपर्यंत

महाराष्ट्रातून जपानला जाणारा विद्यार्थी भाषेची तयारी बहुधा चांगली करून निघतो. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा अनेक दशकांची आहे, जेएलपीटी या भाषापरीक्षेची केंद्रे पुण्या-मुंबईतच आहेत, आणि एन ५ पासून एन १ पर्यंतच्या पाच पातळ्या कशा चढत जायच्या हे इथल्या शिक्षकांना पाठ असते. तयारी राहून जाते ती वेगळ्याच गोष्टीची. तिथे शिक्षण, घर, कामाची पाळी आणि नोकरी या सगळ्यांना ठरलेल्या तारखा असतात. त्या तारखेच्या आधी अडचण सांगणाऱ्याला बरीच सवलत मिळते आणि तारीख उलटल्यावर येणाऱ्याला फारशी मिळत नाही. आपल्याकडे मुदत संपल्यानंतरही महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन अडचण नीट समजावून सांगितली आणि एखाद्या प्राध्यापकांनी शब्द टाकला, तर मार्ग निघतो. जपानमधल्या कार्यालयातील माणसेही मदतीला तत्पर असतात, परंतु त्यांच्या हातात जे असते ते बहुतांशी मुदतीच्या आत असते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यात काय करावे याबरोबरच ते केव्हा करावे यावर मी भर दिला आहे.

टप्पा पहिला: मार्ग निवडणे

भाषाशाळा, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण असे तीन मुख्य मार्ग आहेत. भाषाशाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार वेळा होतात. विद्यापीठांचे वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि इंग्रजीतून चालणारे काही अभ्यासक्रम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. आपल्याकडचे निकाल जून-जुलैत लागत असल्यामुळे एप्रिलच्या प्रवेशासाठी मध्ये जवळजवळ नऊ महिन्यांचे अंतर पडते. हा काळ भाषेसाठी आणि कागदपत्रांसाठी वापरावा.

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांनी एक गोष्ट सर्वांत आधी तपासावी. जपानमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांचे शिक्षण ही जुनी, रुळलेली अट आहे, आणि आपली बारावी अधिक तीन वर्षांची पदवी पंधरा वर्षांची भरते. अनेक विद्यापीठे अशा अर्जदारांची पात्रता स्वतंत्रपणे तपासतात आणि त्या तपासणीची मुदत प्रवेश अर्जाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी संपते. त्यामुळे आपल्या पदवीचा कालावधी आणि शिक्षणाची एकूण वर्षे लिहून प्रवेश विभागाला ईमेल करावी, आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच पुढचा खर्च करावा. बी.ई. किंवा बी.टेक. झालेल्यांना ही अडचण येत नाही.

विज्ञान आणि अभियांत्रिकीत प्रवेशाआधी मार्गदर्शक प्राध्यापकांची अनौपचारिक संमती मिळवावी लागते. एकाच मजकुराची पत्रे पन्नास प्राध्यापकांना पाठवण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, तिचा इथे तोटाच होतो, कारण असे पत्र पहिल्या ओळीतच ओळखू येते. दोन-तीन प्राध्यापक निवडावेत, त्यांचे अलीकडचे शोधनिबंध खरोखर वाचावेत, आणि आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे दोन परिच्छेदांत लिहावे. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी.

खर्चाचा अंदाज असा: राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन असून प्रवेशशुल्क २,८२,००० येन आहे. टोक्यो विद्यापीठाने एप्रिल २०२५ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक शुल्क ६,४२,९६० येन केले. खासगी विद्यापीठे याहून बरीच महाग असतात. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत शुल्क माफ होऊन दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. दूतावासामार्फत होणाऱ्या निवडीची प्रक्रिया प्रवेशाच्या साधारण एक वर्ष आधी सुरू होते. शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी अनेक विद्यापीठांत शुल्काची पूर्ण किंवा अर्धी माफी मागता येते. तो अर्ज प्रत्येक सत्रात नव्याने करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

टप्पा दुसरा: निघण्यापूर्वी

व्हिसाच्या आधी पात्रता प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा अर्ज तुमच्या वतीने शाळा किंवा विद्यापीठ जपानमधल्या इमिग्रेशन विभागाकडे करते, आणि निर्णयाला एक ते तीन महिने लागू शकतात. प्रमाणपत्र तीन महिनेच वैध असते, म्हणून ते येताच मुंबईतील जपानच्या महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत व्हिसाची प्रक्रिया सुरू करावी. अर्जातले आर्थिक पुरावे, बँकेतील शिल्लक आणि पालकांचे उत्पन्न यांचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. ऐनवेळी खात्यात भरलेली मोठी रक्कम शंका निर्माण करते, तेव्हा पैशांची जुळवाजुळव काही महिने आधीपासून करावी.

औषधांबाबत विशेष काळजी घ्यावी. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे साधारण एक महिन्याच्या पुरवठ्यापर्यंत पूर्वपरवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी आयात-पुष्टीपत्र घ्यावे लागते. आपल्याकडे सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असते, आणि त्याचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या गोळ्या जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. प्रत्येक औषधाच्या घटकांची यादी वाचूनच पेटी भरावी. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे सामानात ठेवू नयेत. आजीने प्रेमाने दिलेला हापूसही विमानतळावर अडवला जातो.

जपानमधील वीजपुरवठा १०० व्होल्टचा असल्यामुळे इथला मिक्सर तिथे चालत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर गॅसवर चालतो, परंतु अनेक वसतिगृहांत इंडक्शनची शेगडी असते, म्हणून इंडक्शनवर चालणारा स्टीलचा छोटा कुकर न्यावा. त्याचा उपयोग रोज होतो.

टप्पा तिसरा: पहिले दोन आठवडे

नारिता, हानेदा, कान्साई, चुबू यांसारख्या मोठ्या विमानतळांवर उतरताच तुम्हाला निवासपत्र, म्हणजे झाइर्यू कार्ड, मिळते. अर्धवेळ काम करण्याची परवानगीही पहिल्या प्रवेशाच्या वेळी तिथेच मागता येते. तो अर्ज भरून हातात ठेवावा, कारण पुढे त्याच कामासाठी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहावे लागते. निवासपत्र सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते जवळ नसल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून चालते तसे इथे चालत नाही.

राहण्याचा पत्ता निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या किंवा प्रभागाच्या कार्यालयात, म्हणजे शियाकुशो किंवा कुयाकुशोमध्ये, पत्ता नोंदवावा. त्याच फेरीत आणखी दोन कामे उरकावीत. पहिले राष्ट्रीय आरोग्य विम्याचे. या विम्यामुळे उपचाराच्या खर्चापैकी ३० टक्केच तुम्हाला भरावे लागतात. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नव्हते असे तिथे आवर्जून नोंदवावे, म्हणजे हप्ता कमी बसतो. दुसरे काम निवृत्तिवेतनाचे, ज्याला नेन्किन म्हणतात. वयाची वीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक रहिवाशाला ते लागू होते आणि मासिक हप्ता २०२५ मध्ये सुमारे साडेसतरा हजार येन होता. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याची विशेष सवलत आहे आणि ज्यांच्या शाळेला ती लागू नाही त्यांना उत्पन्नाच्या आधारे माफी मागता येते, परंतु दोन्हींसाठी अर्ज करावाच लागतो. अर्ज न करता नुसते हप्ते थकवले तर पुढे कायमच्या निवासाचा अर्ज करताना ती थकबाकी आडवी येते.

बँक खात्यासाठी पोस्टाची युचो बँक सोयीची पडते. जपानमध्ये सहा महिने पूर्ण होईपर्यंत बँका तुम्हाला अनिवासी मानतात आणि काही व्यवहारांवर मर्यादा घालतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांच्या खर्चाची रोख रक्कम जवळ ठेवावी.

टप्पा चौथा: घर

पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृह मिळत असेल तर ते सोडू नये. खासगी खोली घेताना शिकिकिन ही अनामत, रेइकिन ही घरमालकाला दिली जाणारी परत न मिळणारी रक्कम, दलालाचे शुल्क, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि पहिल्या महिन्याचे भाडे असे सगळे मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतका खर्च एकदम येऊ शकतो. खोली बहुधा पूर्ण रिकामी मिळते, कित्येकदा छतावर दिवाही नसतो. करार सहसा दोन वर्षांचा असतो, आणि करारात नाव नसलेल्या मित्राला महिनाभर ठेवून घेणे हा कराराचा भंग ठरतो. पुण्यात एका खोलीत चार मुलांनी राहण्याची सवय असलेल्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

कचऱ्याचे दिवस आणि प्रकार गावागणिक बदलतात. कार्यालयातून मिळणारे कोष्टक स्वयंपाकघरात लावावे. रात्री दहानंतर आवाज बेताचा ठेवावा आणि फोडणीच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून पंखा आधी सुरू करावा. भूकंपाची पूर्वसूचना मोबाइलवर मोठ्या आवाजात येते. त्या क्षणी टेबलाखाली जावे आणि आपल्या वस्तीचे आश्रयस्थान कोणते ते पहिल्याच आठवड्यात चालत जाऊन पाहून यावे. रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

टप्पा पाचवा: वर्ग आणि प्रयोगशाळा

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे सर्वांत मोठा फरक जाणवतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी किंवा मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकलेल्याच्या मनात परीक्षा म्हणजे विद्यापीठाचा पेपर, बाहेरचे परीक्षक, सबमिशनच्या आठवड्यातली धावपळ, व्हायवा आणि विषय राहिलाच तर एटीकेटी, असा क्रम पक्का बसलेला असतो. वर्षभर निवांत राहून शेवटच्या महिन्यात रात्री जागवून पास होता येते, हे आपण अनुभवाने जाणतो. जपानी विद्यापीठात जो शिकवतो तोच गुण देतो. सत्राच्या सुरुवातीला मिळणाऱ्या आराखड्यात उपस्थिती, वर्गातला सहभाग, छोटे लेखी अहवाल आणि अंतिम परीक्षा यांचे वजन टक्क्यांत लिहिलेले असते, आणि त्या वाटणीत सहसा बदल होत नाही. तास बहुधा ९० मिनिटांचा असतो. पदवीसाठी किमान १२४ श्रेयांक मिळवावे लागतात आणि अनुत्तीर्ण झालेला आवश्यक विषय पुढच्या वर्षी पूर्णपणे नव्याने घ्यावा लागतो. सत्र सुरू होताच प्रत्येक विषयाचे टक्के आणि सादरीकरणाच्या तारखा एका कागदावर उतरवून ठेवाव्यात.

प्रयोगशाळा, म्हणजे केन्क्यूशित्सु, हे तर विद्यार्थ्याचे दुसरे घरच असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, मास्टर्सचे, डॉक्टरेटचे आणि प्राध्यापक असे सगळे तिथे एकत्र काम करतात, आणि प्रत्येकाला स्वतःचे टेबल मिळते. अनेक ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेपासून हजर राहण्याचा नियम असतो. आठवड्याला एक बैठक होते, तिला झेमी म्हणतात, आणि आपण काय केले हे पाळीपाळीने तिथे मांडावे लागते. आधी आलेले ते सेन्पाई आणि नंतर आलेले ते कोहाई, हे नाते आपल्याकडच्या सीनियर-ज्युनियरपेक्षा अधिक जबाबदारीचे असते: यंत्र कसे चालवायचे, मोजमापांची नोंद कशी ठेवायची, सरांना कोणत्या वेळी भेटायचे, हे सर्व सेन्पाई शिकवतात, आणि पुढच्या वर्षी तेच काम तुमच्याकडे येते. कोणतीही अडचण प्रथम सेन्पाईंना विचारावी. थेट प्राध्यापकांकडे जाणे उद्धटपणाचे मानले जाईलच असे नाही, परंतु सेन्पाईंकडे दहा मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नासाठी एक आठवडा वाट पाहावी लागते.

बैठकीत कोणी प्रश्न विचारत नाही म्हणून आपणही गप्प बसावे असे नाही. भारतीय विद्यार्थी मोकळेपणाने विचारतात हा त्यांचा गुण तिथल्या प्राध्यापकांना आवडतो, असे माझे निरीक्षण आहे. अडचण होते ती वेगळ्याच सवयीमुळे. प्रयोग फसला, तर तो दुरुस्त करूनच सरांना दाखवावा, अशी आपली वृत्ती असते. जपानी प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाची माहिती त्याच दिवशी द्यावी अशी अपेक्षा असते. कळवणे, संपर्कात राहणे आणि सल्ला घेणे या तिन्हींना मिळून होरेन्सो म्हणतात. काम निम्मे झाले की निम्म्याचीच माहिती द्यावी. उशीर होणार हे आदल्या दिवशी सांगितले तर प्राध्यापक बैठकीची तारीखही बदलतात. हीच सवय पुढे नोकरीत सर्वाधिक उपयोगी पडते.

सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकत्र जेवणाचा कार्यक्रम असतो, तिथे मद्य असते. मद्यपानासाठी वय २० पूर्ण लागते आणि न पिणाऱ्याने ऊलाँग चहा मागवला तरी कोणाला वावगे वाटत नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर आयोजकाला आठवडाभर आधी सांगावे. मासे चालत नाहीत, माशांपासून केलेला दाशी हा रस्साही चालत नाही, असे स्पष्ट सांगावे, कारण कात्सुओबुशी या सुक्या माशाचा अर्क मिसो सूपपासून नूडल्सपर्यंत बहुतेक पदार्थांत असतो आणि जपानी माणूस त्याला मांसाहार समजेलच असे नाही.

टप्पा सहावा: अर्धवेळ काम

महाराष्ट्रात शिकताना नोकरी करणारे विद्यार्थी असतात, रात्रशाळांची तर आपल्याकडे मोठी परंपरा आहे, परंतु मध्यमवर्गीय घरांत अजूनही शिकणाऱ्या मुलाने काउंटरवर उभे राहणे कमीपणाचे मानतात. जपानमध्ये प्राध्यापकांची आणि डॉक्टरांची मुलेही उपाहारगृहात थाळ्या उचलतात. या कामाला अरुबाइतो किंवा नुसते बाइतो म्हणतात, आणि भाषा जितक्या वेगाने तिथे सुधारते तितक्या वेगाने वर्गात सुधारत नाही.

नियम कडक आहेत. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास एकत्र धरतात, आणि आठवडा कोणत्याही दिवसापासून मोजला तरी मर्यादा ओलांडली जाता कामा नये. शाळेने जाहीर केलेल्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत मुभा आहे. पाचिंको या यंत्रांवरच्या जुगाराची दुकाने, माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचे अड्डे आणि बार-क्लबसारखा रात्रीच्या मनोरंजनाचा व्यवसाय यांत कोणतेही काम, अगदी भांडी घासण्याचेही, करता येत नाही. तास ओलांडल्याचे व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी कराच्या कागदांवरून उघड होते आणि त्यामुळे परत जावे लागू शकते. ओळखीचे कोणी करत आहेत म्हणून हा धोका मुळीच पत्करू नये.

किमान वेतन प्रांतानुसार ठरते आणि दर शरद ऋतूत वाढते. टोक्योमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये ते तासाला १,१६३ येन झाले होते. त्या दराने २८ तासांचे चार आठवडे भरले तर सुमारे १ लाख ३० हजार येन होतात. त्यात छोट्या खोलीचे भाडे आणि जेवण भागते, परंतु शुल्क भागत नाही. बाइतोच्या भरवशावर शुल्काचे कर्ज काढून येणे हा माझ्या मते सर्वांत घातक बेत आहे, कारण मग २८ तासांची मर्यादा मोडण्याचा मोह होतो आणि अभ्यास मागे पडतो.

काम स्वीकारताना वेतन, तास आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र मागून घ्यावे; ते देणे मालकाला बंधनकारक आहे. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत २५ टक्के अधिक वेतन मिळाले पाहिजे. कोणत्या दिवशी कामावर येणार हे दोन ते चार आठवडे आधी कळवावे लागते, म्हणून परीक्षेच्या तारखा जाहीर होताच मालकाला सांगाव्यात. आजारी पडल्यास कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी फोन करावा, मेसेज टाकून थांबू नये. सुट्टी घेतल्याबद्दल आधीच ठरवलेला दंड पगारातून कापण्याचा करार कायद्याला मान्य नाही. असे घडल्यास कामगार मानक निरीक्षण कार्यालयात तक्रार करता येते. वर्षाअखेरीस मिळणारी उत्पन्न व कर यांची पावती, म्हणजे गेन्सेन चोशुह्यो, फाइलमध्ये जपून ठेवावी.

टप्पा सातवा: आपली माणसे

टोक्योत निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या दुकानांत तूरडाळ, पोहे, गव्हाचे पीठ मिळते. इतर शहरांत डाळी आणि मसाले ऑनलाइन मागवता येतात. निशी-कासाई ज्यात येते त्या एदोगावा प्रभागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ प्रभाग सभेवर निवडून आले. मराठी मंडळींचे गणेशोत्सव आणि दिवाळी मेळावे होतात, बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी, कारण सणाच्या दिवशी तिथे सुट्टी नसते. आठवड्यातले सगळेच जेवण आणि गप्पा आपल्याच माणसांत झाल्या तर मात्र भाषा खुंटते, तेव्हा विद्यापीठातल्या एखाद्या छंदमंडळात नाव नोंदवावे.

टप्पा आठवा: नोकरीचा शोध

आपल्याकडे महाविद्यालय कंपन्यांना बोलावते, शेवटच्या वर्षाला प्लेसमेंटचा हंगाम येतो आणि कोणत्या शाखेचा विद्यार्थी आहे त्यावर नोकरी ठरते. जपानमध्ये विद्यार्थी स्वतः कंपन्यांकडे जातो आणि या सगळ्या खटपटीला शूकात्सु म्हणतात. सरकारने कंपन्यांना सुचवलेल्या वेळापत्रकानुसार पदवी मिळण्याच्या आदल्या वर्षीच्या १ मार्चपासून माहितीसभा सुरू होतात, १ जूनपासून मुलाखती होतात आणि १ ऑक्टोबरला औपचारिक नियुक्तिपत्र, म्हणजे नाइतेई, दिले जाते. प्रत्यक्षात अनेक कंपन्या याच्याही आधी निवड सुरू करतात. या तारखांचा अर्थ मास्टर्सला येणाऱ्याने विशेष समजून घ्यावा: एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दाखल झालेल्याला अकरा महिन्यांतच शूकात्सुत उतरावे लागते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात इंटर्नशिपचे अर्ज भरावे लागतात. मास्टर्स पूर्ण झाल्यावर नोकरी बघू, असे म्हणून आलेल्याचा हंगाम निघून गेलेला असतो.

तयारीचा क्रम असा ठेवावा. पहिल्या सहा महिन्यांत एन २ ची पातळी गाठण्याचा प्रयत्न करावा, कारण इंग्रजीवर चालणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्या सोडल्या तर बहुतेक ठिकाणी तितकी भाषा अपेक्षित असते. उन्हाळ्यात इंटर्नशिप करावी. शरदात विद्यापीठाच्या करिअर केंद्रात जाऊन अर्जाचा मसुदा जपानी माणसाकडून तपासून घ्यावा. हे केंद्र विनामूल्य असते आणि आपले विद्यार्थी त्याचा फारच कमी उपयोग करतात. अर्जात गुणांपेक्षा, विद्यार्थिदशेत तुम्ही कशासाठी झटलात आणि त्यात इतरांबरोबर कसे काम केलेत, हे विचारतात. गणेशमंडळाचा हिशेब सांभाळला असेल, एनएसएसच्या शिबिरात गावात राहिला असाल, तर तेच नेमक्या तपशिलांसह लिहावे. एसपीआय ही गणित व भाषेची चाळणी परीक्षा अनेक कंपन्या घेतात. तिचे गणित आपल्याला सोपे जाते, भाषेचा भाग अवघड जातो. अभियांत्रिकी शाखांत विभागाच्या शिफारशीवर मिळणाऱ्या जागाही असतात, परंतु अशी शिफारस घेऊन मिळालेली नोकरी नाकारली तर पुढच्या विद्यार्थ्यांचे नुकसान होते. दोन-तीन ऑफर हातात ठेवून शेवटी एक निवडण्याची पद्धत तिथे लावू नये.

नियुक्ती झाल्यावर विद्यार्थी व्हिसा बदलून कामाचा व्हिसा घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीतच अर्ज करावा. पदवी मिळेपर्यंत नोकरी न मिळाल्यास विद्यापीठाच्या शिफारसपत्रावर शोधासाठी सहा महिने, आणि एकदा वाढवून एकूण एक वर्ष राहता येते. ते पत्र विद्यापीठ सोडण्यापूर्वीच मागावे. टोक्यो, नागोया, ओसाका आणि फुकुओका इथे परदेशी नागरिकांसाठी सरकारी रोजगार सेवा केंद्रेही आहेत.

टप्पा नववा: नोकरीचे पहिले वर्ष

नव्या पदवीधरांना कंपन्या १ एप्रिलला एकत्र रुजू करून घेतात आणि काही आठवडे ते काही महिने प्रशिक्षण देतात. फोन कसा घ्यावा, ईमेल कशी लिहावी, भेटपत्र दोन्ही हातांनी कसे द्यावे, हेही शिकवतात. पहिला पगार २०२४ च्या सुमारास साधारण सव्वादोन ते अडीच लाख येन होता, आणि बोनस बहुधा वर्षातून दोनदा मिळतो. वार्षिक पॅकेजच्या आकड्यावर निर्णय घेण्याची आपली सवय इथे दिशाभूल करू शकते: घरभाडे-भत्ता, कंपनीचे वसतिगृह आणि प्रवासखर्च यांवरच पुष्कळ अवलंबून असते. करारात पगारात ठरावीक तासांचा जादा वेळ धरलेला आहे का, हे नक्की वाचावे.

कामाच्या तासांबद्दल आपल्याकडे जे ऐकू येते त्यातले बरेच खरे होते आणि काही कंपन्यांत अजूनही आहे. तरी एप्रिल २०१९ पासून मोठ्या आणि २०२० पासून लहान कंपन्यांसाठी जादा कामाला कायदेशीर मर्यादा आली: सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. सहा महिने काम केल्यावर १० दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि त्यांतले पाच दिवस तरी कर्मचाऱ्याने घेतलेच पाहिजेत, हे पाहणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या सिक लीव्हसारखी वेगळी रजा कायद्यात नाही. ताप आला तरी लोक या दहा दिवसांतूनच सुट्टी घेतात. दीर्घ आजारात आरोग्य विम्यातून चौथ्या दिवसापासून पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश भत्ता मिळतो. दिवाळीला घरी यायचे असेल तर एप्रिल-मेमध्येच वरिष्ठांना सांगून ठेवावे, आणि त्या आठवड्यातले आपले काम कोण पाहणार हेही सोबत सांगावे. अशी रजा मी ऐकलेल्या उदाहरणांत सहसा मंजूर झालेली आहे.

दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून आदल्या वर्षीच्या उत्पन्नावरचा रहिवासी कर, साधारण १० टक्के, पगारातून कापला जाऊ लागतो आणि हातात येणारी रक्कम घटते. घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब करताना हे धरून चालावे. नोकरी किंवा शाळा बदलली की १४ दिवसांत इमिग्रेशन विभागाला कळवावे, आणि जुन्या कंपनीकडून सेवासमाप्तीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडची सवय असते. तिथे कायद्यानुसार दोन आठवडे पुरतात, परंतु कंपनीचा नियम बहुधा एक महिन्याचा असतो आणि तो पाळावा.

जपान कायमचे सोडताना भरलेल्या निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी परत मागता येतो. त्यासाठी किमान सहा महिन्यांचे हप्ते भरलेले असावे लागतात, अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंतचेच हप्ते हिशेबात धरतात. कंपनीमार्फत भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मिळवायचा असेल तर निघण्यापूर्वी जपानमधल्या एखाद्या विश्वासू परिचितास करप्रतिनिधी म्हणून नेमून कर कार्यालयात तशी नोंद करावी. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्याने दोन्ही देशांतला नोकरीचा काळ जोडता येतो, परंतु एकरकमी परतावा घेतला की तो काळ जपानच्या नोंदीतून वजा होतो, म्हणून पुन्हा जपानला जाण्याचा विचार असणाऱ्याने हा अर्ज करण्यापूर्वी निवृत्तिवेतन कार्यालयात जाऊन आपला हिशेब समजावून घ्यावा.